वेष्टनाचा धर्म

मनुष्याने निर्माण केलेल्या वस्तूंमध्ये वेष्टन ही अशी एक वस्तू आहे की, जिची इच्छा तिच्या स्वतःसाठी कोणीच करीत नाही. साबण हवा असतो म्हणून साबणाचे खोके घरात येते, औषध हवे असते म्हणून औषधाची डबी येते, साताऱ्याचे कंदी पेढे हवे असतात म्हणून त्यांचा रंगीत पुडा येतो. आणि आतला पदार्थ हाती लागून वेष्टनाचे प्रयोजन ज्या क्षणी संपते, त्याच क्षणी ते आपल्या मनातूनही उतरते. दृष्टीआड सृष्टी ही म्हण येथे व्यवहाराचा शिरस्ताच होऊन बसली आहे. परंतु वस्तू दृष्टीआड झाली म्हणून सृष्टीतून नाहीशी होत नाही. दुकानाच्या फळीवर तिने काही आठवडे आणि आपल्या घरी काही क्षण काढलेले असले, तरी त्यानंतरचे तिचे आयुष्य उकिरड्यावर, ओढ्यात किंवा समुद्रकाठी कित्येक वर्षे चालू राहू शकते. प्रयोजन संपल्यावर वस्तूचे जे आयुष्य उरते, त्याचा धनी कोण, आणि त्याचे पापपुण्य कोणाच्या खाती जमा व्हावे, हा प्रश्न मला धर्मविचाराचा प्रश्न वाटतो. आणि कागदी वेष्टनाच्या निमित्ताने त्याचा ऊहापोह करावा, असा या लेखाचा संकल्प आहे.

आवरणाचा विचार आपल्या तत्त्वज्ञानाला नवा नाही. आत्म्याभोवती अन्नमयापासून आनंदमयापर्यंत पाच कोश कल्पिणारे तैत्तिरीय उपनिषद, सत्यावरचे सोन्याचे झाकण दूर व्हावे म्हणून पूषादेवाची प्रार्थना करणारा ईशोपनिषदातील ऋषी, आणि देहाला वस्त्राच्या जागी मानणारी भगवद्गीता, ही सारी आवरण आणि आशय यांच्या संबंधाचीच चर्चा करतात. या चर्चेचे तात्पर्य बहुधा असे सांगितले जाते की, आशय मुख्य आणि आवरण गौण; म्हणून आवरण भेदून आत जावे आणि मग त्याची आठवणही ठेवू नये. हे तात्पर्य अपुरे आहे. तैत्तिरीयातला भृगू प्रथम अन्नालाच ब्रह्म समजतो, आणि प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत अखेर आनंदापर्यंत पोहोचतो. परंतु तेथे पोहोचल्यावर, ज्या अन्नाला मागे टाकून तो वर आला, त्याची निंदा करू नये आणि त्याचा अव्हेर करू नये, असे व्रत तेच उपनिषद सांगते. बाह्य कोश ओलांडणे निराळे आणि तो तुच्छ लेखणे निराळे, हा विवेक ज्याच्या अंगी मुरला, त्याला रिकामे खोके भिरकावण्यापूर्वी हात आखडावाच लागेल.

वस्तूचा धर्म तिच्या स्वभावावरून ठरतो, म्हणून कागदाचा स्वभाव प्रथम पाहिला पाहिजे. वनस्पतीतील सेल्युलोजचे, लांबीने साधारणतः १ ते ३ मिलिमीटर असणारे तंतू पाण्यात मोकळे करून जाळीवर पसरले, आणि निथळून, दाबून, वाळवून त्यांतले पाणी काढून टाकले, की ते एकमेकांना हायड्रोजन-बंधांनी आपोआप धरून ठेवतात. त्या पकडीला मूलतः कोणत्याही डिंकाची गरज नसते. हाच कागद पुन्हा पाण्यात टाकून घुसळला, तर ती पकड सुटते आणि तंतू पुनश्च मोकळे होतात. ज्या पाण्याने जोडले, तेच पाणी सोडवते. म्हणजे कागदाचा लय त्याच्या उत्पत्तीतच सांगून ठेवलेला आहे. चीनमध्ये इ. स. १०५ च्या सुमारास त्साय लून या दरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी यांच्या लगद्यापासून कागद करण्याची रीत सम्राटापुढे ठेवली, असे परंपरा सांगते. आपल्याकडे जुन्नरच्या आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याच्या कारागिरांनीही फाटक्या कापडाला आणि रद्दीलाच नवा जन्म दिला, आणि असल्या हातकागदावर लिहिलेले हिशेब पेशव्यांच्या दप्तरात कापडी रुमालांत बांधून ठेवले गेले. टाकलेल्या वस्तूतून जन्मणे आणि पुन्हा टाकलेपणातून उठणे हे कागदाचे कुलव्रतच आहे.

या कुलव्रताला धर्माच्या क्षेत्रात एक विलक्षण जोड सापडते. भाद्रपदातील चतुर्थीला आपण मातीची मूर्ती आणतो, तिच्यात प्राणप्रतिष्ठा करतो, षोडशोपचारांनी तिची पूजा करतो आणि नियत दिवशी तिचे विसर्जन करतो. पार्थिवपूजेत विसर्जन हा पूजेच्या शेवटी चिकटवलेला उपचार नाही. विसर्जनावाचून ते पूजाकर्म अपुरे राहते, आणि म्हणूनच मूर्तीची माती अशी असावी लागते की, जी पाण्यात विरघळून पुन्हा माती होईल. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात दीर्घकाळ तशीच भंगून पडून राहते, तेव्हा जे खटकते ते केवळ जलप्रदूषण नसते. जिला जाता येत नाही अशा मूर्तीला आपण आवाहन केले, हा त्यातला धर्मलोप असतो. घडवणाऱ्याने लयाची तजवीज घडवतानाच केली पाहिजे, हा पार्थिवपूजेचा आदेश मला सर्व निर्मितीचा आदेश वाटतो, आणि अल्पायुषी वेष्टनाला तर तो सर्वांत आधी लागू पडतो.

आधुनिक वेष्टनाने या आदेशाचा भंग कसा केला, हे पाहण्यासारखे आहे. ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअर या कागदी पिशव्यांच्या कारखानदाराने १८७९ साली एकाच दाबयंत्रात पुठ्ठा कापण्याची आणि त्यावर घडीच्या रेषा उमटवण्याची युक्ती काढली. तेव्हापासून सपाट अवस्थेत पोहोचणारे आणि दुकानात उघडून उभे करता येणारे घडीचे खोके स्वस्त झाले आणि जगभर पसरले. खोक्याचा हा अवतार निर्दोष होता. दोष पुढे शिरले. पुठ्ठा चकाकावा म्हणून त्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म चढवली गेली, अक्षरे सोनेरी दिसावीत म्हणून धातूचा वर्ख ठशाने चिकटवला गेला, आतला माल दिसावा म्हणून प्लास्टिकची खिडकी बसवली गेली, आणि कडा जोडण्यासाठी पाण्यात न विरघळणारा गरम चिकटा वापरला गेला. असे खोके कागद-गिरणीच्या हौदात पडले, की तंतू बिचारे सुटू पाहतात, पण फिल्म आणि वर्ख यांचे तुकडे जाळ्यांत अडकतात, आणि चिकट्याचे कण लगद्याबरोबर पुढे जाऊन नव्या कागदावर डाग नि भोके पाडतात. जो पदार्थ मातीच्या मूर्तीसारखा विरघळला असता, त्याला आपण चार पैशांच्या चकाकीसाठी प्लास्टरची मूर्ती करून ठेवले.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो धर्मग्रंथाच्याच नावाने घेतला जातो. कर्म करावे, फळाकडे पाहू नये, अशी गीतेची शिकवण असताना, आपण केलेल्या खोक्याचे पुढे काय होते याची चिंता कारागिराने का वाहावी? हा आक्षेप निष्काम कर्माचा विपर्यास आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, फलाशा सोडणे म्हणजे कर्माच्या परिणामाविषयी अज्ञानी किंवा बेफिकीर राहणे नव्हे, हा भेद आग्रहाने मांडला आहे. आणि गीतेचा अठरावा अध्याय तर याहून स्पष्ट बोलतो: कर्माचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन वर्ग पाडून, जे कर्म अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टींचा विचार न करता मोहाने आरंभले जाते, त्याला ती तामस ठरवते. मागून काय येणार, कशाची हानी होणार, कोणाला इजा होणार, आणि हे तडीस नेण्याचे सामर्थ्य आहे किंवा नाही, असे हे चार प्रश्न आहेत. वेष्टनाचा आराखडा काढणाऱ्याने आपल्या मेजासमोर टांगून ठेवावेत, इतके ते त्याच्या कामाचे आहेत.

पहिला प्रश्न अनुबंधाचा. खोके रिकामे झाल्यावर कोणत्या वाटेने जाणार, याचा विचार आराखड्याच्या पहिल्या रेषेपासून करावा लागतो. एकाच द्रव्याचे खोके करावे. कागदाला कागदाचीच संगत द्यावी. चकाकी हवीच असेल तर फिल्मऐवजी पाण्यात कालवलेला पातळ लेप द्यावा. पन्हळी पुठ्ठा जोडण्यास पिष्टाची खळ पुरते, ती तशीच ठेवावी. जेथे कडा एकमेकींत अडकवून खोके बंद होऊ शकते, तेथे चिकटा आणि तारेच्या पिना टाळाव्यात. आणि खिडकी अपरिहार्यच असेल, तर ती घरातल्या माणसाला एका ओढीत वेगळी करता यावी. पन्हळी पुठ्ठ्याचे उदाहरण मननीय आहे: दोन सपाट थरांमध्ये नागमोडी थर ठेवला की त्याच्या कमानी भार पेलतात, आणि थोड्या कागदातून मोठे बळ उत्पन्न होते. कोकणातून येणारा हापूस पूर्वी लाकडी पेटीतून येत असे. आता तो हवेची छिद्रे ठेवलेल्या पन्हळी खोक्यातूनही सुखरूप येतो. द्रव्याचा साठा वाढवण्यापेक्षा आकाराचा विवेक वाढवणे हाच येथे श्रेष्ठ मार्ग आहे, आणि अपरिग्रहाचे व्रत याहून वेगळे काही सांगत नाही.

दुसरा प्रश्न क्षयाचा, आणि येथे कागदाच्या कैवाऱ्यांनी सत्यापासून ढळता कामा नये. कागद पवित्र आणि प्लास्टिक पापी, अशी सोपी वाटणी टिकत नाही. कागद करायला झाड किंवा बांबू लागतो, विपुल पाणी लागते, उष्णता लागते. आणि ब्रिटनच्या पर्यावरण-खात्याच्या यंत्रणेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, हवामानावरील परिणामाच्या हिशेबात कागदी पिशवी किमान ३ वेळा वापरली, तरच ती पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. शिवाय तंतूही अमर नाहीत. प्रत्येक फेऱ्यात ते आखूड आणि ताठर होत जातात, आणि साधारणतः ५ ते ७ फेऱ्यांनंतर त्यांच्यात एकमेकांना धरण्याची शक्ती उरत नाही. म्हणून नव्या तंतूंची भर घालावीच लागते. पुनश्चक्रीकरण म्हणजे क्षयातून सुटका नव्हे. तो क्षयाला घातलेला विवेकाचा बांध आहे.

या विवेकाचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण बौद्ध विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंद स्थविराला ५०० वस्त्रे दिली, तेव्हा इतक्या वस्त्रांचे हा भिक्षू काय करणार, या शंकेने राजा स्वतः त्याच्याकडे गेला. आनंदाने उत्तर दिले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? त्यांच्या गाद्यांच्या खोळी. त्या खोळी विटल्या म्हणजे? जमिनीवरची अंथरणी, नंतर पायपुसणी, नंतर फडकी. आणि फडकीही विरली म्हणजे ती कुटून, चिखलात कालवून, जमीन सारवू. राजाची शंका फिटली आणि त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली. या संवादात ‘क्षय होऊ देणार नाही’ अशी प्रौढी कोठेही नाही. क्षयाच्या प्रत्येक पायरीला एक काम नेमून दिलेले आहे, आणि अखेरची पायरी माती आहे. पांढरा छपाईचा कागद, मग खोक्याचा पुठ्ठा, मग अंड्यांचा लगदा-साचा आणि शेवटी खत, अशी कागदाची उतरंड लावणारा रचनाकार आनंदाच्याच परंपरेत बसतो.

तिसरा प्रश्न हिंसेचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. जैन साधूने पाळायच्या पाच समित्यांमध्ये दोन अशा आहेत की, ज्यांचा विचार आजच्या कारखानदारीने करावा: वस्तू उचलताना व ठेवताना जीवाला इजा होऊ न देण्याची आदाननिक्षेपण समिती, आणि टाकायचे ते जीवजंतू नसलेल्या जागी जपून टाकण्याची उत्सर्ग समिती. टाकणे हेही येथे व्रत आहे. आपण टाकलेले खोके कोणाच्या हातात पडते, हे आपण पाहत नाही. पण ते हात आहेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि पुढे त्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली, तेव्हा निदान एका शहराने कबूल केले की, ही निवड करणारी माणसे भिकारी नाहीत, श्रमिक आहेत. त्यांच्या दृष्टीने खोक्याचा प्रश्न रोकडा असतो. निव्वळ पुठ्ठा रद्दीच्या भावाने विकला जातो. फिल्म चढवलेल्या किंवा खरकट्याने माखलेल्या पुठ्ठ्याचा एकतर भाव पडतो, नाहीतर तो कोणी घेतच नाही. पिनांनी बोटे फाटतात, उष्ट्याने रोग होतो, आणि ज्या खोक्यासाठी वाकावे लागले त्याचे दाम मात्र येत नाही. चकाकीचा हुकूम ज्याने दिला तो या श्रमाच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही; आणि न दिसणारी हिंसा ही हिंसाच असते. खाणाराही या विचारातून वगळता येत नाही. छापील रद्दीपासून केलेल्या पुठ्ठ्यातील शाईची खनिज तेले कोरड्या अन्नातही उतरू शकतात, आणि वर्तमानपत्रात अन्न गुंडाळण्यास भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली आहे ती शाईच्या भयामुळेच. म्हणून अन्नाला भिडणारा थर स्वच्छ, नव्या तंतूंचा असावा आणि पुनश्चक्रित पुठ्ठ्याने बाहेरून रक्षण करावे, ही वाटणी दयेचीही आहे आणि शास्त्राचीही.

चौथा प्रश्न पौरुषाचा, म्हणजे सामर्थ्याच्या खरेपणाचा. दूध व फळांचे रस यांसाठी जी बहुस्तरीय पेटी वापरतात, तिच्यात सुमारे ७५ टक्के पुठ्ठा, २० टक्के पॉलिथिलीन आणि ५ टक्के ॲल्युमिनियम असते. हे थर वेगळे करता येतात; परंतु त्यासाठी निराळी यंत्रे असलेली गिरणी लागते, आणि तेथवर पेट्या गोळा करून पोहोचवण्याची व्यवस्था लागते. जेथे ही व्यवस्था नाही, तेथे खोक्यावर पुनश्चक्रीकरणाचे बाणांचे चिन्ह छापणे म्हणजे असत्य भाषण होय. भारतातील कागद-उत्पादनाचा मोठा हिस्सा रद्दीवर चालतो आणि वापीसारख्या ठिकाणी क्राफ्ट कागदाच्या गिरण्या रद्दीचीच वाट पाहत असतात. म्हणजे साध्या पुठ्ठ्याच्या बाबतीत आपले सामर्थ्य खरे आहे. रचनाकाराने कल्पनेतल्या गिरणीसाठी आराखडा काढू नये. आपल्या इलाख्यात जी गिरणी आणि जो रद्दीवाला प्रत्यक्ष आहे, त्याच्यासाठी काढावा. सत्य हे पौरुषाचे पहिले लक्षण आहे.

या चार कसोट्यांच्या जोडीला आपल्या समाजापुरता एक खास धर्मप्रश्न उभा आहे, आणि त्याविषयी संकोच न करता बोलले पाहिजे. उदबत्ती, कापूर, मिठाई, अगदी तांदूळही, देवदेवतांची चित्रे छापलेल्या वेष्टनांतून विकला जातो. गिऱ्हाइकाच्या श्रद्धेचे ते आमिष असते. पण माल संपल्यावर ती श्रद्धाच त्याला पेचात टाकते. कागदाला पाय लागला तरी हात जोडणारा आपला समाज गणपतीचे चित्र असलेले खोके केरात कसे टाकणार? ते पिंपळाच्या पारावर ठेवले जाते, निर्माल्याबरोबर नदीत सोडले जाते, आणि चकाकत्या फिल्ममुळे तेथेच कुजल्यावाचून पडून राहते. ज्याने ते चित्र छापले, त्याने देवतेची प्रतिष्ठा वाढवली नाही. विसर्जनाची सोय न करता तिला घरोघरी पाठवले. माझे स्पष्ट मत असे आहे की, क्षणभंगुर वेष्टनावर उपास्य दैवतांची चित्रे छापूच नयेत, आणि हा संयम कायद्याने लादला जाण्याची वाट न पाहता उत्पादकांनी स्वधर्म म्हणून पाळावा.

आता आरंभीच्या प्रश्नाचा निवाडा करता येईल. कोणतेही कर्म एकट्या कर्त्याचे नसते. अधिष्ठान, कर्ता, साधने, नानाविध चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे गीता सांगते. खोक्याच्या बाबतीतही उत्पादक, रचनाकार, छापखाना, दुकानदार, गिऱ्हाईक, नगरपालिका असे अनेकजण भागीदार आहेत, आणि भागीदार अनेक असले की जबाबदारी कोणाचीच उरत नाही, हा नित्याचा अनुभव आहे. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोल यांच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या काही प्लास्टिकच्या वस्तू बंद केल्या, आणि २०१६ च्या नियमांनी प्लास्टिक कचऱ्याचा भार उत्पादकावर टाकला. कायद्याचे हे पाऊल योग्यच आहे; परंतु बंदी झालेल्या प्लास्टिकच्या जागी प्लास्टिक चढवलेला कागद आला, तर अंमल कायद्याचा आणि विजय पळवाटेचा, असे होते. नीतीचा नियम असा आहे की, ज्याला निवडीचे स्वातंत्र्य अधिक, त्याची जबाबदारी अधिक. गिऱ्हाइकाला दुकानात दोन खोक्यांत निवड असते, कचरावेचकाला तेवढीही नसते. परंतु कोरा कागद समोर घेऊन बसलेल्या रचनाकाराला आणि त्याच्या मसुद्यावर सही करणाऱ्या मालकाला ती पूर्ण असते. फिल्म चढवायची की नाही, हे त्या मेजावर एकदा ठरते, आणि मग लाखो घरांतून ते अपरिवर्तनीय होते. म्हणून उरलेल्या आयुष्याचा पहिला धनी तोच, आणि बाकीचे त्याच्यामागून.

वर्ध्याच्या ग्रामोद्योग चळवळीत हातकागदाला मानाचे स्थान देणारे जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ साली शाश्वत अर्थव्यवस्थेचे जे शास्त्र मांडले, त्याचा गाभा हाच होता की, निसर्गाच्या चक्रात जे परत मिसळते तेच टिकते, आणि सेवेचे अर्थकारण लुटीच्या अर्थकारणाहून श्रेष्ठ असते. त्यांच्या काळी हा विचार गरिबांचा समजला गेला. आज तो सर्वांनाच अपरिहार्य झाला आहे.

म्हणून खोक्यांचे आराखडे काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की, उघडण्याची सोय जितक्या निगुतीने करता, तितक्याच निगुतीने विरघळण्याची सोय करा, आणि पहिला नमुना तयार झाला की तो ग्राहकापुढे ठेवण्यापूर्वी पाण्याच्या बादलीत टाकून पाहा. मालकांना विनंती आहे की, चकाकीवर होणारा खर्च रद्दीच्या वाटेवरच्या माणसांच्या सोयीकडे वळवा. आणि वाचकांना विनंती आहे की, खोके रिकामे झाल्यावर ते सपाट करा, कोरडे ठेवा, खरकट्यापासून जपा आणि रद्दीत द्या. एवढे करायला कोणत्याही कायद्याची, कोणत्याही आंदोलनाची गरज नाही. ज्या वस्तूचा अंत विचारात घेतला गेला नाही, ती वस्तू कितीही सुबक असली तरी अपुरीच आहे, आणि ती अपुरी ठेवून विकणारा आपल्या कर्माचा काही भाग दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळा होतो. धर्म त्याला मोकळे समजत नाही.